सर्जनचा फोटो: चावीच्या पाणबुडीने साठ वर्षं जगाला कसं गंडवलं

तो फोटो तुम्ही बघितलाय, नाव माहीत नसेल पण बघितलाय नक्की. करडं पाणी, त्यातून वर आलेली बारीक लांब मान, वर छोटंसं डोकं जरा पुढे झुकलेलं, भोवती गोल गोल तरंग आणि बाकी काहीच नाही. अद्भुत रहस्यं वगैरे छापाची जी पुस्तकं असायची त्यात बर्म्युडा ट्रँगल आणि हिममानवाच्या पावलांच्या मधे कुठेतरी हा हमखास असायचा, आणि खाली एक ओळ, की हा फोटो एका ब्रिटिश डॉक्टरने काढलेला आहे. स्कॉटलंडमधल्या लॉख नेस सरोवरातला राक्षस, लाडाचं नाव नेसी. इंग्रजीत या फोटोला 'सर्जन्स फोटोग्राफ' म्हणतात, आपण सर्जनचा फोटो म्हणू.

फोटो खोटा आहे हे आता बहुतेकांना माहीत असतं, पण तो खोटा 'कसा केला' हे विचारलं की लोक म्हणतात अहो एडिटिंग केलं असेल, दोन निगेटिव्ह जोडल्या असतील. तसलं काहीच केलेलं नाही. निगेटिव्हला कोणी हात लावला नाही, डार्करूममधे जादू नाही, समोर जे होतं तेच कॅमेऱ्याने टिपलं. म्हणून मला हे प्रकरण बाकीच्या फेक फोटोंपेक्षा जास्त अभ्यासण्यासारखं वाटतं, कारण इथे फोटो एकदम प्रामाणिक आहे आणि त्याच्या भोवतीचं सगळं बनावट.

आधी थोडी पार्श्वभूमी, लांबण न लावता. लॉख नेस म्हणजे इन्व्हर्नेस गावाजवळचं एक लांबोळकं सरोवर, सुमारे ३७ किलोमीटर लांब, रुंदी जेमतेम दीड किलोमीटर, पण खोली सव्वादोनशे मीटरच्या वर. पाणी काळपट, कारण आजूबाजूच्या डोंगरांवरून कुजलेल्या शेवाळाचा पीट वाहून येतो, थोडं खाली गेलं की काही दिसत नाही. जुन्या संतांच्या चरित्रात सहाव्या शतकातली एक गोष्ट आहे की सेंट कोलंबाने नेस नदीतल्या एका जनावराला हाकललं, पण खरी हवा तयार झाली ती १९३३ मधे. त्या सुमारास उत्तर काठाचा रस्ता नव्याने झाला, झाडी तोडली, गाड्यांची ये-जा वाढली आणि एवढं मोठं पाणी पहिल्यांदाच इतक्या लोकांना गाडीतून दिसायला लागलं. २ मे १९३३ ला 'इन्व्हर्नेस कुरियर'मधे बातमी आली की स्थानिक हॉटेल चालवणाऱ्या एका जोडप्याला पाण्यात काहीतरी प्रचंड लोळताना दिसलं, आणि बातमीत 'मॉन्स्टर' हा शब्द पडला. जुलैमधे लंडनहून आलेल्या दुसऱ्या एका जोडप्याने सांगितलं की लांब मानेचा प्राणी चक्क रस्ता ओलांडून गेला. (त्याच वर्षी 'किंग काँग' लागलेला होता आणि त्यात पाण्यातून वर येणारा लांब मानेचा डायनासोर आहे, हे आपलं सहज सांगून ठेवतो.) नोव्हेंबरमधे ह्यू ग्रे नावाच्या माणसाने पहिला फोटो काढला, त्यात इतकं धुरकट काहीतरी आहे की अनेकांना तोंडात काठी घेऊन पोहणारं कुत्रं दिसतं. बर्ट्राम मिल्स सर्कसवाल्याने जिवंत पकडून आणणाऱ्याला २०,००० पौंड जाहीर केले. म्हणजे वर्ष संपेपर्यंत मागणी प्रचंड आणि माल काहीच नाही अशी परिस्थिती होती.

आता यात शिरला मार्माड्यूक वेदरेल. हा इसम वल्ली होता. आफ्रिकेत शिकार केलेला, सिनेमात काम केलेला, लिव्हिंग्स्टनवर सिनेमा काढलेला. 'डेली मेल'ने डिसेंबर १९३३ मधे त्याला राक्षस शोधायला पाठवला. आणि साहेब पोचले तोवर काठावर पावलांचे ठसे सापडले पण! मोठे, ताजे ठसे. पेपरने गाजावाजा केला, ठशांचे प्लास्टरचे साचे लंडनच्या नॅचरल हिस्ट्री म्युझियमला पाठवले आणि सगळा देश वाट बघत बसला. जानेवारी १९३४ मधे म्युझियमचं उत्तर आलं की ठसे पाणघोड्याच्या पायाचे आहेत, आणि पायसुद्धा जिवंत जनावराचा नाही, वाळवून ठेवलेला. त्या काळी शिकारी लोक असले पाय घरी आणून त्याचे छत्र्या ठेवायचे स्टँड बनवायचे, कोणाच्या तरी दिवाणखान्यातला असलाच एक पाय चिखलात दाबत नेला होता. ते वेदरेलनेच केलं की त्याला कोणी बनवलं यावर वाद आहे, मला विचाराल तर इतक्या झटपट ठसे सापडणारा शिकारी मी तरी ऐकलेला नाही. ते काही असो, हसं झालं ते वेदरेलचं. ज्या पेपरने डोक्यावर घेतला होता त्यानेच त्याला बाजूला केलं.

फोटोच्या गोष्टीत हा अपमान सगळ्यात महत्त्वाचा, कारण पैशासाठी केलेला फेक आणि खुन्नस काढायला केलेला फेक यात फरक पडतो. पैसेवाला घाई करतो, जास्त दाखवतो, दुसरा माल लगेच घेऊन येतो. खुन्नसवाल्याला फक्त एकच पाहिजे असतं, की समोरच्याने गिळावं. वेदरेलने ठरवलं की यांना राक्षस हवा ना, देऊ राक्षस, आणि तो याच पेपरच्या पहिल्या पानावरून देऊ.

मग टोळी जमवली, ती पण घरातलीच. मुलगा इयान, आणि सावत्र मुलगा ख्रिश्चन स्पर्लिंग. हा स्पर्लिंग मॉडेल बनवणारा कसलेला कारागीर. बाहेरचा एकच, मॉरिस चेंबर्स नावाचा मित्र, विम्याच्या धंद्यातला, त्याच्या ओळखी चांगल्या. इयानने वूलवर्थच्या दुकानातून चावीवर चालणारी खेळण्यातली पाणबुडी विकत आणली. वूलवर्थ म्हणजे तेव्हाचं स्वस्त मालाचं दुकान, कुठल्याही पोराला परवडेल असली ती पाणबुडी. स्पर्लिंगने तिच्यावर मान आणि डोकं उभं केलं ते प्लास्टिक वुडचं. आपल्याकडे सुतार आणि पेंटर फर्निचरच्या भेगा बुजवायला लांबी भरतात ना, तसली लाकडाच्या भुशाची पेस्ट, ओली असताना हवा तो आकार द्या, वाळली की घासता येते, रंगवता येते. सगळा राक्षस मिळून पाण्यावर साधारण ३० सेंटिमीटर उंच आणि ४५ सेंटिमीटर लांब, म्हणजे हातात धरून नेता येईल असा.

इथे कारागिराचं डोकं दिसतं बघा. पाणबुडीवर फूटभर मान लावली की ती वरून जड होणार आणि पाण्यात सोडली की कलंडणार, मान खाली आणि तळ वर. म्हणून त्याने खाली शिशाची पट्टी लावली, बोटीच्या तळाला वजन असतं तसं. तेवढ्या पट्टीने ती सरळ उभी राहिली. आधी घराजवळच्या तळ्यात सोडून बघितली, तरंगते का, झुकते का, आणि मग पुढचं.

लॉख नेसला गेले तेव्हा भर सरोवराच्या समोर उघड्यावर नाही मांडला खेळ, आल्टसाय टी हाऊसच्या जवळ काठाला एक छोटी आडोशाची जागा शोधली. आडोसा लोकांपासून तर होताच पण मुख्य म्हणजे पाण्यासाठी. इयानने नंतर सांगितलं त्याप्रमाणे त्यांना अशी जागा पाहिजे होती जिथल्या बारक्या तरंगांना फोटोत मोठ्या लाटांचा भास येईल. हा सगळ्या कामातला सगळ्यात हुशार निर्णय असं मी म्हणेन, मॉडेलपेक्षासुद्धा. कारण फूटभर उंचीच्या मानेच्या मागे दोन-तीन फुटी लाट आली असती तर पोलखोल तिथेच. आणि सपाट शांत पाणी असतं तर टबात काढलाय असं वाटलं असतं. बारीक सुरकुत्या असलेलं पाणी, फ्रेममधे होडी नाही, पक्षी नाही, झाडाची फांदी नाही, माणूस तर नाहीच. डोळ्याला उंची ठरवायला दुसरं काही सापडलंच नाही की मग तो सवयीने ठरवतो, आणि लांब मान बघून सवय काय सांगणार? हत्ती, जिराफ, डायनासोर. खेळणं कोण सांगणार?

अजून एक. मान सगळी काळी आहे, पाणी उजळ. डोळे, तोंड, कातडी, खवले यातलं काहीही दिसत नाही. आजकाल एआयवर जी पोरं जुना फोटो म्हणून यती आणि मत्स्यकन्या बनवतात ती इथेच मार खातात, त्यांना प्रत्येक खवला दाखवायचा असतो आणि वर सेपिया रंग, ओरखडे, जळलेल्या कडा पण पाहिजेत. स्पर्लिंगकडे ओरखडे नव्हते आणि गरजही नव्हती. फोटो तेव्हा ताजा होता! म्हातारा तो आपोआप झाला, आणि गंमत म्हणजे जसजसा जुना झाला तसतसं वजन वाढत गेलं, कारण सत्तरच्या दशकातला माणूस म्हणायचा की १९३४ मधे कुठे होती असली ट्रिक करायची सोय. तर होती ना, वूलवर्थमधे होती.

फोटो काढून होतात न होतात तोच पाण्यावर लक्ष ठेवणारा रखवालदार येतोय असा आवाज आला. वेदरेलने पाय पुढे केला आणि राक्षस पायाने पाण्याखाली दाबला. बुडाला तो बुडालाच, बहुतेक अजून तिथेच कुठेतरी आहे. नव्वद वर्षं जगभरचे लोक सोनार (आवाजाच्या लहरींनी पाण्याखालचं शोधणारं यंत्र) आणि पाणबुड्या घेऊन जो शोधतायत तो फोटोतला अस्सल प्राणी काठापासून काही फुटांवर गाळात पडलेला असणार. (तळाशी दुसरा एक खोटा राक्षस मात्र खरंच सापडला, २०१६ मधे. शेरलॉक होम्सच्या एका सिनेमाच्या शूटिंगला बनवलेलं नऊएक मीटरचं मॉडेल १९६९ मधे ओढून नेताना बुडालं होतं, रोबोटच्या सोनारवर ते लांब मानेसकट दिसलं आणि बातम्यांना काही तास ऊत आला.)

इथवर झालं ते फक्त मालाचं उत्पादन. आता हा माल वेदरेलने स्वतः नेऊन दिला असता तर? पाणघोड्याचा पाय घेऊन फसलेला माणूस तीन महिन्यांत फोटो घेऊन येतो, शिपायानेसुद्धा हाकलून दिला असता. फोटो तोच, मान तीच, तरंग तेच, पण किंमत शून्य. म्हणून चेंबर्स. त्याच्या ओळखीत रॉबर्ट केनेथ विल्सन होता, लंडनमधला डॉक्टर, म्हणायला सर्जन पण मूळचा स्त्रीरोगतज्ज्ञ, प्रतिष्ठित माणूस, आणि थट्टामस्करीची आवड असलेला. चेंबर्सने प्लेट्स, म्हणजे तेव्हाच्या काचेच्या निगेटिव्ह, त्याच्या हातात दिल्या. विल्सनने त्या इन्व्हर्नेसला ऑगस्टन्स नावाच्या केमिस्टकडे नेल्या, तेव्हा फोटो धुवायचं काम केमिस्टच्या दुकानातच व्हायचं. म्हणजे राक्षस जिथला, निगेटिव्ह पण तिथेच डेव्हलप झाली, साक्षीदार पण तिथलाच, दुकानातला ज्याने स्वतःच्या हाताने प्लेट धुतली आणि आकृती वर येताना बघितली. तो माणूस बिचारा शपथेवर सांगू शकला असता की प्लेटमधे काही फेरफार नाही. आणि खरंच नव्हता! पुढे ज्याने ज्याने निगेटिव्ह तपासायची गोष्ट काढली त्याला हेच उत्तर मिळणार होतं.

एका माणसाला सगळं माहीत असेल तर एक माणूस फुटला की खेळ खल्लास. इथे जो फोटो विकतोय त्याने तो काढलेला नाही, जो धुतोय त्याला काही माहीत नाही, ज्याने बनवलं त्याचं नाव कुठेच नाही, आणि ज्याच्या डोक्यातून निघालं तो तर घरी बसून हसतोय.

२१ एप्रिल १९३४ ला 'डेली मेल'ने फोटो छापला. विल्सनची गोष्ट साधी होती. १९ एप्रिलला पहाटे सातच्या सुमारास गाडीने उत्तरेला चाललो होतो, काठाला थांबलो, पाण्यात खळबळ दिसली, कॅमेरा घेतला आणि काही फोटो मारले. चार प्लेट्सपैकी दोनच कामाच्या निघाल्या. दुसऱ्या फोटोत डोकं पाण्यात जाताना दिसतं, तो इतका धूसर की फारसा कोणी छापत नाही. आणि साहेबांनी एक अट घातली की माझं नाव फोटोला जोडू नका. झालं, 'सर्जनचा फोटो' हे नाव त्यातून पडलं, आणि माझ्या मते जाहिरातवाल्यांनी लाखो रुपये घेऊन बसून विचार केला असता तरी यापेक्षा चांगलं नाव त्यांना सुचलं नसतं. प्रसिद्धी नको म्हणणारा डॉक्टर! लोकांनी म्हटलं याला काय पडलीय खोटं बोलायची, उलट धंद्याला बट्टा लागेल म्हणून घाबरतोय बिचारा.

शिवाय विल्सनने राक्षस बघितला असं ठामपणे कधी म्हटलंच नाही. पाण्यात काहीतरी होतं, मी फोटो काढला, ते काय होतं मला माहीत नाही, एवढंच. जितकं कमी बोलला तितकी बाकीच्यांनी स्वतःहून भर घातली. प्लेसिओसॉर म्हणे. लांब मानेचा समुद्री सरपटणारा प्राणी, साडेसहा कोटी वर्षांपूर्वी संपलेला. आणि लॉख नेस हिमयुगात आख्खं बर्फाखाली होतं, दहा हजार वर्षांपूर्वीपर्यंत तिथे सरोवर असं काही नव्हतंच, पण हे लक्षात घ्यायला कोणाला वेळ होता.

आपल्याकडचं एक प्रकरण इथे आठवतं कारण धागा तोच आहे. वाळवंटातल्या खोदकामात भला मोठा मानवी सांगाडा सापडलाय, बाजूला मुंगीएवढी माणसं, तो फोटो घटोत्कचाचा सांगाडा म्हणून फिरत होता, अजूनही अधूनमधून फॅमिली ग्रुपवर येतो. तो २००२ मधे एका ऑनलाइन फोटोशॉप स्पर्धेसाठी कॅनडातल्या कलाकाराने बनवलेला, खोदकामाचा मूळ फोटो न्यूयॉर्क राज्यातल्या मॅस्टोडॉनचा, म्हणजे हत्तीसारख्या एका नामशेष प्राण्याचा. बनवणाऱ्याला कोणाला फसवायचं नव्हतं. पण पुढे कोणीतरी त्याला 'नॅशनल जिऑग्राफिक'च्या टीमने शोधला अशी शेपटी जोडली, २००७ मधे मुंबईतल्या एका मासिकाने ते खरं धरून छापलं पण, आणि नंतर चूक झाली म्हणून मागे घेतलं. फोटो आधी नुसता पडून होता, नाव चिकटल्यावर धावला. लंडनच्या डॉक्टरने जे केलं तेच काम इथे पिवळ्या चौकटीच्या मासिकाच्या नावाने केलं.

परत स्कॉटलंडला. आता क्रॉपबद्दल बोलू, कारण अर्धी जादू तिथे आहे. जो फोटो आपण सगळ्यांनी बघितला तो पूर्ण फोटो नाहीच, मानेभोवतीचा कापून मोठा केलेला तुकडा आहे. मूळ फ्रेममधे आकृती लहान, मधोमध, आजूबाजूला भरपूर पाणी आणि वरच्या कडेला पलीकडचा काठ. पूर्ण फोटो बघितल्यावर पहिली प्रतिक्रिया येते ती, अरे एवढंसं? पण पेपरमधे तसा कोण छापेल. कापून मोठा केला की दाणे फुटतात, त्यात तेव्हा हाफटोनच्या ब्लॉकवरून छपाई, म्हणजे ठिपके ठिपके, मग काही बारकावे असलेच तर ते पण गेले आणि राहिली फक्त काळी मान. वेदरेलला यातलं काही करावं लागलं नाही, ते पेपरवाल्यांनी बातमीला उठाव यावा म्हणून स्वतः केलं. पुढे पुस्तकवाल्यांनी पेपरमधून उचललं, दुसऱ्यांनी पुस्तकातून उचललं, काठ परत आलाच नाही.

शास्त्रज्ञांचं काय झालं ते तर ऐकाच. १९८४ मधे स्टुअर्ट कॅम्पबेलने 'ब्रिटिश जर्नल ऑफ फोटोग्राफी'त लेख लिहिला, पूर्ण फ्रेम आणि तरंग बघून म्हणाला ही वस्तू फार तर दोन-तीन फूट असेल, पाणमांजर किंवा पक्षी असणार. आकार अगदी जवळपास बरोबर, प्राणी चुकला. मग १९८७ मधे पॉल लब्लाँ आणि सहकारी कॉलिन्स यांनी उलटा हिशोब मांडला. लब्लाँ समुद्रविज्ञानाचा माणूस, वाऱ्याने उठणाऱ्या लाटा किती लांबीच्या असतात यावरून त्याने मानेची उंची काढली आणि ती आली १.२ मीटर. गणितात खोट काढता येत नाही, पण सुरुवातीलाच धरलेलं होतं की दिसतायत त्या भर सरोवरातल्या वाऱ्याच्या लाटा आहेत. आडोशाला काठाजवळच्या सुरकुत्या निवडून घेतल्यात हे त्याला कोण सांगणार. बघा, जागा निवडायचा तो निर्णय त्रेपन्न वर्षांनी एका शास्त्रीय पेपरात फळाला आला. फूटभराची मान चौपट झाली.

मग फुटलं कसं? फोटोच्या तपासणीतून फुटलं नाही, माणसांकडून फुटलं. वेदरेल १९३९ मधे वारला, विल्सन १९६९ मधे. डिसेंबर १९७५ मधे इयानने 'संडे टेलिग्राफ'च्या एका सदरात सांगून टाकलं होतं की आम्ही खेळण्यातली पाणबुडी वापरली. छापून आलं. आणि कोणी ढुंकून बघितलं नाही! कारण नेमक्या त्याच महिन्यात दुसरा धमाका झाला, अमेरिकेचे रॉबर्ट राइन्स आणि पक्षीतज्ज्ञ सर पीटर स्कॉट यांनी 'नेचर'मधे पाण्याखालच्या कॅमेऱ्याचे फोटो देऊन नेसीला शास्त्रीय नाव बहाल केलं, नेसिटेरास ऱ्हॉम्बोप्टेरिक्स. (एका स्कॉटिश खासदाराने त्या नावाची अक्षरं उलटसुलट करून इंग्रजीत 'सर पीटर एस यांनी केलेली राक्षसाची फसवणूक' असं वाक्य काढलं. राइन्सने त्याच अक्षरांतून 'हो, दोन्ही फोटो राक्षसाचेच' असं उत्तर दिलं. हे असे धंदे चालले होते.) राक्षस खरा निघतोय या बातमीसमोर एका म्हाताऱ्या फोटोच्या कबुलीला कोण विचारतो.

ते कात्रण पुढे अ‍ॅलस्टेर बॉइड आणि डेव्हिड मार्टिन या दोघांनी धरलं. दोघं लॉख नेस प्रोजेक्टशी संबंधित, हौशी पण चिवट. इयान तोवर गेला होता, पण सावत्र भाऊ स्पर्लिंग जिवंत होता, नव्वदीला टेकलेला. १९९१ मधे त्याला गाठला. म्हाताऱ्याने सगळं सांगितलं, पाणबुडी, प्लास्टिक वुड, शिशाची पट्टी, चेंबर्स, डॉक्टर. १९९३ मधे तो वारला आणि मार्च १९९४ मधे बातमी जगभर झाली, फोटोच्या साठाव्या वाढदिवसाच्या जेमतेम महिनाभर आधी.

हे वाचून मला सगळ्यात जास्त काय वाटलं सांगू, तर या लोकांनी तोंड बंद कसं ठेवलं. वेदरेलला पेपरचं नाक कापायचं होतं ना, मग दुसऱ्या दिवशी जाहीर करायला हवं होतं की बघा कसे बनलात. केलं नाही. थट्टा इतकी मोठी झाली की ती परत घ्यायची कशी हेच कळेनासं झालं असणार, आता सांगावं तर डॉक्टरचं नाव जाणार, चेंबर्सची मैत्री जाणार. म्हणजे ज्या डॉक्टरच्या अब्रूवर फोटो उभा राहिला तीच अब्रू वाचवायला गप्प बसावं लागलं. सूड घ्यायला निघालेला माणूस सूड घेतल्याचं कोणाला न सांगता मेला. ही माझी आपली समजूत, वेदरेलने लिहून काही ठेवलेलं नाही.

कबुलीवर आक्षेप पण आहेत आणि ते सगळेच फालतू नाहीत. इयानने १९७५ मधे मानेला रबराची नळी म्हटलं होतं, स्पर्लिंग प्लास्टिक वुड म्हणतो. दुसऱ्या फोटोतलं डोकं आणि तरंग पहिल्याशी नीट जुळत नाहीत, चावीच्या खेळण्याला डोकं खाली घालता येत नाही मग तो फोटो कशाचा? नेसीवाले अजून यावर लिहितात. माझं म्हणणं, चाळीस-पन्नास वर्षांनी दोन भाऊ नळी की लाकूड यावर वेगळं सांगत असतील तर ते उलट खरं वाटतं, ठरवून बोलणारे एकसारखं बोलले असते. दुसऱ्या फोटोचं मात्र उत्तर कोणी समाधानकारक दिलेलं नाही हे मान्य करायला पाहिजे.

२०१८ मधे न्यूझीलंडच्या ओटागो विद्यापीठातल्या नील गेमेल यांच्या टीमने सरोवरभर अडीचशेच्या आसपास पाण्याचे नमुने घेतले, पाण्यात तरंगणारा डीएनए वाचला, आणि २०१९ मधे सांगितलं की सरपटणाऱ्या प्राण्याचा मागमूस नाही, ईल मासे मात्र ढीगभर. पर्यटक त्या वर्षी पण आले आणि त्यानंतर पण.

आणि तो अ‍ॅलस्टेर बॉइड, ज्याने आयुष्याची काही वर्षं घालून हा फोटो खोटा ठरवला, तो स्वतः नेसीवर विश्वास ठेवणारा. १९७९ मधे त्याला सरोवरात काहीतरी मोठं दिसलं होतं म्हणे, त्यावरून तो कधी हटला नाही. सर्जनचा फोटो गेल्याने त्याला वाईट वगैरे वाटलं नाही, त्याच्या मते कचरा साफ झाला एवढंच.